पहिलं मूल नोंदवण्याआधी: बालरोग संशोधनातल्या नवख्यांना साथ कशी द्यावी

थिसिस जमा करायला बारा दिवस उरलेले. तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट दारात उभा, हातात पेन ड्राइव्ह, रात्रीची इमर्जन्सी अजून डोळ्यांत. "मॅडम, मास्टर चार्ट तयार आहे. फक्त अॅनालिसिस राहिलंय."

चार्ट उघडला. वयाच्या रकान्यात २.१, ३.११, १.५, पुन्हा २.१.

"हे २.१ म्हणजे?"

"दोन वर्षं एक महिना, मॅडम."

"सगळीकडे?"

तो गप्प झाला. काही मुलं दोन वर्षं दहा महिन्यांची होती. त्याने बरोबर २.१० लिहिलं होतं, एक्सेलने शेवटचं शून्य गिळलं होतं. आता दहा महिने कुठे आणि एक महिना कुठे हे त्या फाइलवरून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. वय चुकलं की उंचीचा झेड स्कोअर, म्हणजे त्या वयाच्या सरासरीपासून उंची किती दूर आहे तो आकडा, चुकतो आणि खुजेपणाचा आकडाही चुकतो. पोराने दीड वर्ष मेहनत केली होती. आळस कुठेच नव्हता. पहिले दहा फॉर्म भरले तेव्हा कोणी तरी अर्धा तास शेजारी बसायला हवं होतं, आणि ते 'कोणी तरी' म्हणजे मीच होते.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की नवख्या संशोधकाला मदत लागते आधी आणि आपण गाईड लोक ती देतो नंतर. शेवटच्या महिन्यात आपण व्याकरण सुधारतो, तक्ते सरळ करतो, "डिस्कशन वाढव" म्हणतो. पण ज्या चुका खरोखर घात करतात त्या पहिलं मूल नोंदवण्याआधीच दुरुस्त होऊ शकतात. म्हणून खालचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे. वाचक म्हणून डोळ्यांसमोर आहेत वैद्यकीय महाविद्यालयांतले गाईड, युनिट हेड आणि सिनियर. रेसिडेंटने वाचलं आणि गाईडच्या टेबलावर मुद्दाम उघडं ठेवलं, तरी हरकत नाही.

१. विषय देऊ नका, प्रश्न शोधायला लावा

आपल्याकडची पद्धत ठरलेली. सिनॉप्सिसची, म्हणजे अभ्यासाच्या आराखड्याची, तारीख जवळ येते, रेसिडेंट विचारतो "सर, टॉपिक?", सर कपाटातल्या जुन्या थिसिसच्या पाठीवरची नावं वाचतात, आणि 'क्लिनिकल प्रोफाइल ऑफ' या तीन शब्दांपुढे एखादा आजार चिकटतो. असा विषय तीन वर्षं ओढत न्यावा लागतो, कारण त्यात जाणून घ्यायचं असं काही नसतंच.

त्याऐवजी पहिल्या वर्षाला आलेल्या मुलाला किंवा मुलीला खिशात मावेल अशी वही द्या. तीन आठवडे फक्त एवढंच काम: राउंडला, लेबर रूममध्ये, लसीकरणाच्या ओपीडीत जे खटकेल ते रोज एक ओळ लिहायचं. "कांगारू केअर (बाळाला उराशी धरणं) सांगतो, पण रात्री किती आया देतात?" "सलाइन चार दिवस चालतं, लागतं किती दिवस?" सुरुवातीला वही कोरी राहते. दुसऱ्या आठवड्यात डोळा तयार होतो.

खटकणं किती मोलाचं असतं याचं देशी उदाहरण म्हणजे रोटाव्हायरसची लस. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की नवजात बाळांच्या शीमध्ये रोटाव्हायरस सापडतोय, पण बाळांना जुलाब नाहीत. आजारी मुलांकडे सगळेच बघतात. आजारी न पडलेल्या बाळांकडे त्यांनी बघितलं. त्यातला ११६ई हा प्रकार पुढे रोटाव्हॅक लशीचा पाया झाला. दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळचा ग्रामीण भाग अशा तीन ठिकाणी ६,७९९ बाळांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०१६ पासून रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात आली. एका वॉर्डातल्या निरीक्षणापासून तिथपर्यंत तीस वर्षं लागली. तुमच्या रेसिडेंटकडे तीनच वर्षं आहेत, त्यामुळे त्याचा प्रश्न लहान हवा, पण निघायला हवा असाच वॉर्डातून.

प्रश्न पक्का करायच्या आधी दोन कसोट्या लावा. पहिली: तो नर्सिंग स्टेशनवरच्या सिस्टरला मराठीत एका वाक्यात सांगता येतो का? "को-रिलेशन ऑफ" वगैरे शब्द न वापरता? सिस्टर "मग त्याने काय होणार?" असं विचारतील. त्याचं उत्तर असेल तर पुढे जा. दुसरी: मागच्या वर्षीचं अॅडमिशन रजिस्टर उघडून तशी मुलं प्रत्यक्ष मोजायला लावा. "सर, भरपूर केसेस येतात" हे वाक्य ऐकून घेऊ नका. जो आकडा निघेल त्याचा निम्मा धरा. संशोधन सुरू झालं की पेशंट गायब होतात, हा जगभरचा अनुभव आहे, औषधशास्त्रज्ञ लुई लासान्याच्या नावाने तो ओळखलाही जातो. डेंग्यूवर थिसिस घेतला की त्या वर्षी डास उपोषणाला बसतात.

२. सॅम्पल साइझ: कागद-पेन घेऊन, समोर बसून

अभ्यासात किती मुलं घ्यायची हे ठरवायची ही पायरी छोटी आहे, पण टाळली जाते, कारण गाईडलाही तिची धास्ती असते. गणित मात्र भाजीच्या हिशोबाएवढंच आहे. समजा, पाच वर्षांखालच्या दाखल मुलांत रक्तक्षय किती हे बघायचंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या लहान मुलांत हे प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास निघालं, म्हणून ७० धरू. चार (सूत्रातला ठरलेला आकडा) गुणिले ७० गुणिले शंभरातले उरलेले ३० म्हणजे ८,४००. उत्तर ५ टक्के इकडे-तिकडे चालणार असेल तर ५ च्या वर्गाने, म्हणजे २५ ने भागा: ३३६ मुलं. १० टक्के चालणार असेल तर १०० ने भागा: ८४.

आता रेसिडेंटला विचारा, "८४ मुलांवरून तू एवढंच सांगू शकशील की प्रमाण ६० ते ८० च्या मधे कुठे तरी आहे. ते सांगण्यात राम आहे का?" हा प्रश्न त्याने स्वतःला पहिल्या वर्षी विचारला, तर परीक्षेत बाहेरून आलेला परीक्षक विचारेल तेव्हा घाम फुटत नाही. मधेच सोडून जाणाऱ्यांसाठी दहा टक्के वाढवा. दोन गटांची तुलना किंवा औषधाची चाचणी असेल तर हे सूत्र चालत नाही. तेव्हा कम्युनिटी मेडिसिनमधल्या स्टॅटिस्टिशियनकडे जा, पण सिनॉप्सिस लिहिण्याआधी. डेटा गोळा झाल्यावर त्यांच्याकडे जाणं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका दाखवायला नेणं.

३. वेळ ड्यूटी चार्टवर लिहा

"वेळ काढ रे" हे वाक्य सिनियरनी कायमचं सोडून द्यावं. छत्तीस तासांची ड्यूटी करणारा माणूस वेळ काढतो तो झोपेतूनच. मग रात्री अडीचला भरलेल्या प्रोफॉर्मात, म्हणजे मुलाच्या माहितीच्या फॉर्मात, डोक्याचा घेर ५४ चा ४५ होतो.

आमच्या युनिटमध्ये चाललेली एक व्यवस्था सांगते. प्रत्येक रेसिडेंटला आठवड्यातली एक दुपार संशोधनासाठी, आणि ती ड्यूटी चार्टवर नावानिशी लिहिलेली. त्या वेळी त्याचे कॉल कोण घेणार हेही तिथेच. पहिले दोन महिने बाकीचे कुरकुरले, कारण सवय नव्हती. नंतर प्रत्येकाला आपापली दुपार मिळाल्यावर कुरकुर थांबली. स्वाइन फ्लू किंवा डेंग्यूच्या लाटेत ही दुपार बुडते, बुडू द्या. लाट ओसरल्यावर ती चार्टवर परत आली की नाही, हे मात्र युनिट हेडने स्वतः बघायचं.

पैशाचंही बोलणं आधीच व्हावं. तपासणीच्या किटचा खर्च कोण करणार? आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, पदव्युत्तर थिसिससाठी अर्थसाहाय्याची योजना आहे. तिचा अर्ज वेळेत भरायला लावा. नाकारला गेला तरी अर्ज लिहिण्यातूनच प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यास कसा करणार याचा लेखी तपशील, घासून निघतो. काहीच मिळालं नाही तर किट न लागणारा प्रश्न निवडा. एक गोष्ट मात्र कधीच चालणार नाही: संशोधनासाठीच्या जास्तीच्या तपासणीचं बिल पालकांच्या माथी मारणं.

४. एथिक्स कमिटी म्हणजे विरोधी पक्ष नव्हे

संशोधनात भाग घेणाऱ्यांचं हित जपलं जातंय ना हे तपासणारी ही कमिटी रेसिडेंटला शिक्क्यासाठीची रांग वाटते. ही समजूत आपणच घालून दिलेली आहे. आयसीएमआरने २०१७ मध्ये मुलांवरच्या संशोधनासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती फाइलला लावायच्या आधी त्याला शेजारी बसवून वाचा. त्यातल्या तीन गोष्टी रोज लागतात.

संमती पालकांची, पण मुलाचा स्वतःचा होकारही हवा, ज्याला आपण असेंट म्हणतो. सात वर्षांपासून बारापर्यंत तो तोंडी, पालकांसमोर घ्यायचा आणि नोंदवायचा. बारा ते अठरा लेखी. धोका किरकोळ असेल किंवा मुलाचा थेट फायदा असेल, तर एका पालकाची सही पुरते. धोका जास्त असेल किंवा मुलाला स्वतःला फायदा नसेल, तर दोघांची लागू शकते. सिनॉप्सिसमध्ये याचा उल्लेख नसला की प्रस्ताव परत येतो आणि दोन महिने जातात. तेवढ्यात तुमच्या आजाराचा मोसमही निघून जातो.

दुसरी गोष्ट रक्ताची. मोठ्या माणसांच्या अभ्यासातून उचललेलं "५ मिली शिरेतलं रक्त" हे वाक्य नवजात बाळांच्या सिनॉप्सिसमध्ये मी स्वतः वाचलंय. हिशोब करून दाखवा. दीड किलोच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळात किलोला साधारण ९० मिली, म्हणजे सगळं मिळून १३५ मिली रक्त असतं. युरोपीय औषध नियामकांच्या शिफारशीनुसार संशोधनासाठी एका वेळी यातलं १ टक्का आणि चार आठवड्यांत ३ टक्के, याहून जास्त घेऊ नये. म्हणजे एका वेळी १.३५ मिली, महिनाभरात जेमतेम ४ मिली. आणि त्याच बाळाचं उपचारासाठीचं ब्लड कल्चरच, म्हणजे रक्तातले जंतू शोधायची तपासणीच, एक मिली घेतं. हे आकडे एकदा हाताने मांडले की "उरलेल्या नमुन्यातून भागेल का?" हा प्रश्न रेसिडेंट आपणहून विचारतो.

तिसरी गोष्ट भाषेची. मराठी संमतीपत्र म्हणजे इंग्रजीचं शब्दशः रूपांतर नव्हे. 'सदर अभ्यासातील सहभाग ऐच्छिक स्वरूपाचा असून' हे वाक्य सही करणाऱ्या आईसाठी नाही, फाइलसाठी आहे. "तुम्ही नाही म्हणालात तरी बाळाचे उपचार असेच चालू राहतील" असं लिहा. मेळघाटातून कोरकू बोलणारी आई आली, नंदुरबारकडची पावरी बोलणारी आली किंवा गडचिरोलीची माडिया बोलणारी आली, तर मराठीही परकीच. तिथे त्या भाषेची आशाताई किंवा सिस्टर बरोबर हवी. अंगठा असेल तर निःपक्ष साक्षीदाराची सही हवी. तो साक्षीदार म्हणजे शेजारच्या टेबलावरचा इंटर्न नव्हे.

हस्तक्षेपाचा अभ्यास असेल, म्हणजे औषध, आहार, व्यायाम असं काहीही देणार असाल, तर सीटीआरआयवर, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या देशाच्या नोंदवहीवर, नोंदणी पहिलं मूल घेण्याआधी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होतच नाही. "नंतर करू" म्हणणाऱ्याचं काम चांगल्या नियतकालिकाच्या दारातूनच परत येतं, आणि तेव्हा गाईडच्या हातात काही उरलेलं नसतं.

५. पहिली दहा मुलं

सगळ्या लेखातून एकच पायरी उचलायची असेल तर ही उचला. पहिल्या दहा मुलांच्या वेळी गाईडने शेजारी बसायचं. फोनवर नाही, "काही अडलं तर सांग" असं म्हणून नाही. शेजारी, स्टुलावर.

पहिल्यांदा संमती. कागद पुढे केला की आई काही ऐकायच्या आधीच विचारते, "सही कुठे करू?" तिला वाटतं, सही नाही केली तर डॉक्टर बाळाकडे बघणार नाहीत. रेसिडेंट दमलेला असतो, तो बोट ठेवतो. इथेच त्याला थांबवा. कागद उलटा ठेवायचा, बसायचं, बोलायचं, आणि शेवटी विचारायचं, "ताई, आता तुम्ही मला सांगा, आम्ही काय करणार आहोत?" तिने तिच्या शब्दांत सांगितलं की मग सही. जमलं तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने संमती घेऊच नये, युनिटमधल्या दुसऱ्याने घ्यावी.

मग मूल. नेफ्रोटिक सिंड्रोम हा मूत्रपिंडाचा आजार असलेला आठ वर्षांचा मुलगा होता. माझी रेसिडेंट त्याला समजावत होती: एकदा जास्तीचं दोन मिली रक्त घेणार, त्याने तू लवकर बरा होशील असं नाही, पण तुझ्यासारख्या पुढच्या मुलांसाठी उपयोग होईल, आणि नको वाटलं तर नको म्हण, कोणी रागावणार नाही. तिने चांगलं सांगितलं होतं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "सुई तीच, का दुसरी?"

आमच्या प्रोटोकॉलमध्ये दुसरी होती. नेहमीचं रक्त सकाळी सहाला, आमचं दहाला, कारण दहाला तिला वेळ मिळायचा. कमिटीतल्या कोणी हे विचारलं नव्हतं, मीही नाही. आम्ही नमुना सकाळच्याच सुईतून घ्यायचं ठरवलं, बदल कमिटीकडे पाठवून मंजूर करून घेतला, आणि दोन आठवडे थांबून पुढे गेलो. त्या मुलाचा होकार आम्ही नव्या पद्धतीनेच घेतला.

यानंतर मोजमाप. दहा मुलांची उंची, वजन आणि दंडघेर दोघांनी एकमेकांना न सांगता दोनदा मोजायचे, मग आकडे शेजारी मांडायचे. पहिल्या दिवशी फरक बघून दोघांनाही धक्का बसतो. दंडघेराची पट्टी अर्धा सेंटिमीटर घट्ट ओढली की १२ चं ११.५ होतं, आणि ११.५ च्या खाली मूल तीव्र कुपोषित ठरतं. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून, दोन वर्षांपासून पुढे उंची उभं करून. दोन्हींत साधारण ०.७ सेंटिमीटरचा फरक येतो. कुठल्या मुलाचं कसं मोजलं हे फॉर्मवर लिहायला रकाना हवा. वजनकाटा रोज सकाळी ठरलेल्या वजनाने तपासायचा. आमच्याकडे त्यासाठी पाच किलोचं लोखंडी माप आहे, किराणा दुकानात असतं तसलंच.

हे फार किचकट वाटत असेल तर गडचिरोली आठवा. तिथल्या 'सर्च' या संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या चमूने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळाची काळजी देऊन पाहिली, ४७ गावं तुलनेला ठेवली. गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांनी, आरोग्यदूतांनी, बाळांची वजनं केली, श्वास मोजले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. पुढे हीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर गेली. तो आकडा जगाने मानला, कारण त्या गावांतला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवण्याची शिस्त आधी बसवली होती. एमबीबीएस झालेल्या माणसाला श्वास मोजणं शिकवायला संकोच कसला?

आणि वय. वयाचा रकानाच ठेवू नका. जन्मतारीख आणि तपासणीची तारीख हे दोन रकाने ठेवा, वय संगणक काढेल. जन्मतारीख आईच्या आठवणीवरून नको, माता-बाल संरक्षण कार्डावरून. कार्ड घरी राहिलं असेल तर वडिलांना फोटो काढून पाठवायला सांगा. फॉर्मवर नाव नको, क्रमांक हवा. नाव आणि क्रमांक जुळवणारी यादी वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्ड घालून. युनिटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुलाच्या फोटोसह केस टाकायची सवय संशोधनात चालत नाही. खरं तर एरवीही चालत नाही.

दहा मुलं झाली की थांबा. फॉर्म बघा. जो रकाना दहापैकी सहा वेळा रिकामा राहिला तो काढून टाका. दोघांनी दोन अर्थांनी भरलेला प्रश्न नव्याने लिहा. ही दहा मुलं अंतिम मोजणीत धरायची की नाही, हे प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहिलेलं असावं.

६. मधलं लांबलचक वर्ष

उत्साह ओसरलेला, शेवट दूर. महिन्यातून एकदा चाळीस मिनिटांची बैठक पुरते, पण त्यात "किती झाल्या?" हा प्रश्न पहिला नको. आकडा विचारत राहिलं की आकडे येतात, मुलं येत नाहीत. त्याऐवजी शेवटचे पाच फॉर्म मूळ केस पेपरसह मांडा आणि ताडून बघा. पहिल्या वर्षात आयसीएमआर-एनआयईचा, म्हणजे आयसीएमआरच्या साथरोगशास्त्र संस्थेचा, संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्स उरकलेला असतो. त्यातला 'बायस', म्हणजे निष्कर्ष एका बाजूला झुकवणारी चूक, आता, स्वतःच्या फॉर्मवर, पहिल्यांदा कळतो.

औषधाच्या चाचणीत गंभीर दुष्परिणाम झाला तर २४ तासांत कळवायचा असतो. कोणाला, कुठल्या नमुन्यात, हे रात्री तीनला शोधायला लागू नये. भिंतीवर चिकटवून ठेवा.

या वर्षातली सगळ्यात अवघड गोष्ट कुठल्याच कोर्समध्ये नाही. नवजात बाळांच्या अभ्यासात २८व्या दिवशी घरी फोन करायचा असतो. यादी घेऊन रेसिडेंट दुपारी फोनला बसतो. बावीस घरी बाळ ठीक असतं. तेविसाव्या घरी आजी फोन उचलते आणि म्हणते, "बाळ गेलं की हो, पंधरा दिवस झाले." सव्वीस वर्षांच्या पोरीला फोनवर हे ऐकून रकान्यात 'मृत्यू' लिहायचं असतं आणि लगेच चोविसावा नंबर लावायचा असतो.

म्हणून तीन नियम करा. फोनला बसण्याआधी त्या दिवसापर्यंतचे आपल्या रुग्णालयातले मृत्यू यादीशी ताडून घ्यायचे, म्हणजे आपल्याच वॉर्डात गेलेल्या बाळाच्या घरी "बाळ कसं आहे?" असा फोन जाणार नाही. हे घडलेलं मला माहीत आहे आणि त्या आईचा आवाज ज्याने ऐकला तो विसरलेला नाही. दुसरा, "बाळ कसं आहे" ऐवजी "मी अमुक रुग्णालयातून डॉक्टर बोलतेय, घरी सगळे कसे आहात?" अशी सुरुवात, म्हणजे समोरच्याला सांगायला जागा मिळते. तिसरा, वाईट बातमी आली की त्या दिवसापुरते फोन बंद. उरलेले उद्या. चहा घ्यायला गाईडच्या खोलीत यायचं.

७. लिहिणं, नाव लावणं, परत येणं

मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं इंग्रजी कागदापुढे मुकी होतात आणि मग जुन्या थिसिसमधून परिच्छेद उचलतात. आपण त्याला चोरी म्हणतो. ती चोरी आहेच, पण तिच्या मुळाशी भीती असते. माझा उपाय साधा: फोनचं रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि म्हणायचं, "मला मराठीत सांग, तुला काय सापडलं?" दहा मिनिटांत डिस्कशनचा सांगाडा तयार होतो. तो ऐकत इंग्रजीत लिहायचं. वाक्यं छोटी येतात आणि ती त्याची स्वतःची असतात. निरीक्षणात्मक अभ्यास असेल तर स्ट्रोबची, चाचणी असेल तर कन्सॉर्टची, लेखात काय काय यायलाच हवं याची तपासणी-यादी समोर ठेवायची.

लेखकांची नावं कामाच्या सुरुवातीला, कागदावर ठरवा. काम ज्याचं, पहिलं नाव त्याचं. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आहेत, आणि 'विभागप्रमुख असणं' हा त्यातला एकही नाही. हे वाक्य लिहायला सोपं आणि पाळायला कठीण, मला कल्पना आहे. पण रेसिडेंटला ते मागता येत नाही. म्हणून ते गाईडनेच बोलायला हवं.

"आदरणीय प्रोफेसर, आपल्या थोर योगदानाने प्रभावित होऊन" अशी ईमेल आली आणि सात दिवसांत छापून देतो म्हणाली, की डिलीट करा. पदवीच्या घाईत अशा ठिकाणी पैसे भरून छापलेला लेख पुढे मुलाखतीत लपवावा लागतो. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं 'इंडियन पेडियाट्रिक्स' १९६४ पासून निघतंय. तिथून लेख परत आला तरी बहुधा काही तरी शिकवून येतो. परीक्षकांच्या शेऱ्यांना उत्तर कसं द्यायचं हे पहिल्या वेळी शेजारी बसून दाखवा. आपले जुने नकारही दाखवा. माझ्याकडे त्यांची एक जाड फाइल आहे आणि रेसिडेंट ती फार आवडीने वाचतात.

८. एमडी झाल्यावर

दहातले आठ जण प्रॅक्टिसला जातील, आणि त्यात वाईट काही नाही. उरलेल्या दोघांना मात्र वाट दाखवावी लागते, कारण ती दिसत नाही. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचं आणि वढूच्या ग्रामीण केंद्राचं काम, गडचिरोलीत 'सर्च', सेवाग्रामचं महाविद्यालय, मुंबईत आयसीएमआरच्या प्रजनन व बाल आरोग्याच्या आणि रक्तविकारांच्या संस्था, अशा ठिकाणी त्यांना दोन दिवस तरी पाठवा. संशोधनाला निधी देणाऱ्या इंडिया अलायन्सच्या फेलोशिपमध्ये डॉक्टरांसाठी आणि सार्वजनिक आरोग्यासाठी वेगळा विभाग राहिलेला आहे, हे आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांना ठाऊकच नसतं.

नवख्याने नवा अभ्यासच उभारावा असं नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या चमूने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. तरी हलक्या पुणेरी बाळांच्या अंगावर चरबी त्या मानाने टिकून होती. ती बाळं आता तिशीत आहेत आणि त्यांच्याबद्दलचे प्रश्न अजून संपलेले नाहीत. अशा जुन्या, नीट जपलेल्या माहितीला एक चांगला प्रश्न विचारणं हेही पूर्ण काम आहे, आणि रात्रपाळी न करता होणारं काम आहे. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या डॉक्टर मुलीसाठी तर ते फारच सोयीचं. तिची मुदत वाढवून देण्याचा अर्ज तिने करायच्या आधी गाईडने करावा.

आणि एक उरलंच. थिसिस जमा झाला की रेसिडेंट पुस्तकं आवरून निघतो आणि त्याच्याबरोबर सगळी माहितीही जाते: कोणत्या रकान्यात '९' म्हणजे 'माहीत नाही' आणि कुठे खरोखर नऊ. जाण्याआधी त्याने कोडबुक, म्हणजे प्रत्येक रकान्याच्या अर्थाची वही, लिहावं आणि पहिल्या वर्षाच्या नव्या मुलाशेजारी दोन तास बसून ते समजावून द्यावं, एक्सेलच्या त्या शून्यासकट. निष्कर्षांचं एक पान मराठीत लिहून नर्सिंग स्टेशनवर लावावं. सिस्टर ते वाचतात, आणि "पण रात्रपाळीचं वेगळं मोजलंत का?" असं काही तरी विचारतात. नव्या मुलाच्या वहीत तेवढी ओळ लिहून घ्या. त्या दोन तासांच्या चहाचे पैसे गाईडने द्यायचे.